१,३६९ दिव्यांच्या उजेडात : राल्फ एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला फोन केला तेव्हा त्यांना वाटलं होतं, मी डेटा प्रायव्हसीवर किंवा नोकऱ्यांवर बोलेन. मी म्हटलं, कादंबरीवर बोलतो. पलीकडे थोडी शांतता झाली. मग विचारलं, “कुठल्या?” मी म्हटलं, अमेरिकेतल्या एका काळ्या माणसाने सत्तरेक वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. आणखी शांतता. शेवटी ते म्हणाले, “चालेल, पण आपल्या मुलांशी काहीतरी संबंध लावा.” तो संबंध मी लावणार आहे, पण जपून. का जपून, ते पुढे येईल.

मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनियरिंगला होतो, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. कादंबरी कशी वाचायची हे मला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे मी ती कोड वाचल्यासारखी वाचतो. कुठली वस्तू पहिल्यांदा कुठे आली, पुढे कुठे कुठे वापरली गेली, शेवटी तिचं काय झालं, हे वहीत टिपत जातो. ‘इन्व्हिजिबल मॅन’ हे पुस्तक असं वाचायला फार चांगलं आहे.

कंपनीने मला काही महिने न्यू जर्सीला पाठवलं होतं. रविवारी करायला काही नसायचं म्हणून मी नदी ओलांडून न्यूयॉर्कला जायचो आणि पायी भटकायचो. असाच एकदा हार्लेमच्या पश्चिमेला, रिव्हरसाइड पार्कच्या दीडशेव्या रस्त्याशी एक शिल्प दिसलं. ब्राँझचा एक उभा जाड पत्रा, पंधरा फूट उंच, आणि त्यात चालत्या माणसाची आकृती कापून काढलेली. म्हणजे पुतळा नाहीच, पुतळ्याच्या आकाराचं भोक. त्या भोकातून पलीकडची झाडं दिसतात. एलिझाबेथ कॅटलेट या शिल्पकार बाईंनी ते केलं आहे, २००३ साली बसवलं. समोरच्याच इमारतीत एलिसन राहत होता. मला तेव्हा एलिसन कोण हे माहीत नव्हतं. मी त्या भोकाजवळ उभं राहून फोटो काढला, अब्बांना पाठवला. अब्बांचं उत्तर आलं, “माणूस कुठे आहे यात?”

मग मी पुस्तक मागवलं आणि भलतंच आलं. एच. जी. वेल्सचं त्याच नावाचं १८९७ मधलं पुस्तक आहे, त्यात एक शास्त्रज्ञ प्रयोग करून खरोखर अदृश्य होतो. तुम्ही मागवाल तेव्हा लेखकाचं नाव बघून मागवा. एलिसनचा नायक भूत नाही, शास्त्रज्ञ नाही. त्याला हाडं आहेत, मांस आहे, भूक लागते. तो दिसत नाही, कारण समोरचे लोक त्याच्याकडे बघत नाहीत. ते त्याच्या आजूबाजूचं बघतात, स्वतःच्या मनातलं बघतात, आणि तेच त्याच्यावर चिकटवून मोकळे होतात. दोष त्याच्या कातडीत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यामागच्या डोळ्यात आहे. कादंबरीभर या नायकाला नाव नाही. पाचशेच्या वर पानं वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येतं, की आपल्याला याचं नाव माहीतच नाही आणि आपण विचारलंही नाही.

पुस्तक १९५२ साली आलं आणि १९५३ मध्ये त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. एलिसन ओक्लाहोमा सिटीचा. अलाबामातल्या टस्कगी या काळ्यांसाठीच्या प्रसिद्ध संस्थेत तो संगीत शिकायला गेला होता, ट्रम्पेट वाजवायचा. १९३६ मध्ये शेवटच्या वर्षाच्या फीचे पैसे कमवायला म्हणून न्यूयॉर्कला आला आणि परत गेलाच नाही. कादंबरीचा नायकही दक्षिणेतल्या अशाच कॉलेजातून न्यूयॉर्कला येतो, परत जाईन या आशेवर. एलिसनला इलेक्ट्रॉनिक्सचाही नाद होता, घरी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर जोडत बसायचा. हे कळल्यावर मला तो एकदम आपल्यातला वाटला. दुसरी कादंबरी तो जवळपास चाळीस वर्षं लिहीत राहिला आणि १९९४ मध्ये वारला तेव्हाही ती पुरी झाली नव्हती. असो.

आता दिवे. कादंबरी उघडते तेव्हा नायक एका तळघरात राहतोय. भाडं देत नाही. वीज कंपनीच्या लाइनवरून चोरून वीज घेतोय आणि तळघराच्या छताला त्याने १,३६९ दिवे लावले आहेत. आता भिंतींना लावायचं चाललंय. तेही ट्यूबलाइट नाहीत, जुने तारेचे बल्ब, जास्त वीज खाणारे. मी इंजिनियर, मी लगेच हिशेब केला. साठ वॅटचा एक धरला तर ब्याऐंशी किलोवॅट होतात. आपल्या घरात सगळं एकदम चालू केलं तरी चार-पाच किलोवॅटच्या पुढे जात नाही. त्या तळघराची वायर केव्हाच वितळली असती. म्हणजे हे खरं वायरिंग नाही, लेखक काहीतरी सांगतोय. १,३६९ हा ३७ चा वर्ग आहे, त्यावरून काही लोक बरेच तर्क करतात. मी त्यात पडत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इतका उजेड त्याला दुसऱ्यांनी बघावं म्हणून नकोय. तळघरात कुणी येतच नाही. त्याला स्वतःचा आकार स्वतःला दिसायला हवाय. वर्षानुवर्षं तुम्हाला कुणी बघितलं नाही, की तुम्हालाही शंका यायला लागते, मी आहे ना? मग तुम्ही धक्का मारता, आरडाओरडा करता, भांडण काढता. पहिल्याच काही पानांत तो रस्त्यात एका गोऱ्या माणसाला मारतो, चाकू काढण्यापर्यंत जातो. ऐन वेळी त्याच्या ध्यानात येतं, या माणसाने आपल्याला पाहिलेलंच नाही. याच्या लेखी तो एका दुःस्वप्नाच्या हातून मार खातोय. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, अमुक माणसाला लुटलं. त्याने लुटलेलं नसतं. पण बातमीला साचा लागतो आणि साचा आधीच तयार असतो.

तुमच्यातले काही जण मान हलवताहेत. थांबा जरा, इतक्यात मान हलवू नका.

दुसरी वस्तू आहे बॅग. वासराच्या कातड्याची ऑफिस-बॅग. ती त्याला कशी मिळते ते ऐका. शाळा संपताना त्याने सुंदर भाषण केलेलं असतं, नम्रपणा हाच प्रगतीचा मार्ग अशा अर्थाचं. गावातले प्रतिष्ठित गोरे त्याला ते परत करायला बोलावतात. पोचल्यावर कळतं, भाषणाआधी एक खेळ आहे. दहा काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या बांधायच्या आणि त्यांना रिंगणात एकमेकांना मारायला लावायचं. बँकर, वकील, डॉक्टर, पाद्री, सगळे सिगार ओढत बघताहेत. मग मजुरी म्हणून एका सतरंजीवर नाणी टाकतात, वेचा म्हणतात. सतरंजीत करंट सोडलेला असतो. पोरं हात लावतात, झटका बसतो, तरी वेचतात. पिवळी नाणी सोन्याची वाटतात. नंतर कळतं, ती एका मोटारीच्या जाहिरातीचे पितळी बिल्ले आहेत.

आणि यानंतर, तोंडात रक्त असताना, हा पोरगा भाषण करतो. कुणी ऐकत नाही. सामाजिक जबाबदारी म्हणायचं असतं, त्याऐवजी त्याच्या तोंडून एकदाच सामाजिक समता निघून जातं. सगळी खोली चिडीचूप होते. चूक झाली, रक्त गिळत होतो म्हणून, असं तो सांगतो, तेव्हा ते सोडतात. शेवटी बक्षीस म्हणून ही बॅग, आणि आत कॉलेजची स्कॉलरशिप. तो आनंदाने वेडा होतो.

हे प्रकरण मी चार वेळा वाचलं. दर वेळी मला ती मारामारी त्रास देते, पण त्याहून त्याचा तो आनंद जास्त त्रास देतो. कारण तो खरा आहे. स्कॉलरशिप खरी आहे, कॉलेज खरं आहे. रात्री त्याला स्वप्न पडतं. मेलेला आजोबा सांगतो, बॅग उघड. आत पाकीट, पाकिटात पाकीट, आणि शेवटच्या पाकिटात एक कागद. त्यावर लिहिलेलं असतं, की या पोराला असंच पळवत ठेवा. हा आजोबा आयुष्यभर गरीब गाय म्हणून जगला आणि मरताना म्हणाला, मी शत्रूच्या मुलखातला हेर होतो, त्यांना होकार देऊन देऊनच संपवा. हा होकार शहाणपणाचा की लाचारीचा, हे कोडं नायकाला पुस्तकभर सुटत नाही.

कॉलेजचा प्रमुख डॉ. ब्लेडसो हा काळाच आहे. गोऱ्या देणगीदारांपुढे वाकतो आणि आपल्या माणसांवर राज्य करतो. नायकाच्या हातून एक चूक होते. एका देणगीदाराला तो जे बघायला नको ते दाखवतो. ब्लेडसो त्याला काढून टाकतो, पण वरून गोड बोलून सात शिफारसपत्रं देतो, न्यूयॉर्कला जा, नोकरी कर, मग बघू. पत्रं बंद आहेत, उघडायची नाहीत. तो एकेक पत्र पोचवतो, वाट बघतो, कुणाचं उत्तर येत नाही. सातव्या ठिकाणी मालकाचा मुलगा पत्र उघडून त्याच्या हातात देतो. त्यात लिहिलेलं असतं, याला आम्ही परत घेणार नाही, पण याची आशा मोडू नका. स्वप्नातला कागद आता दिवसाउजेडी टाइप होऊन आला आहे, आणि लिहिणारा हात आपल्यातल्याचा आहे.

रंगाच्या कारखान्याबद्दल थोडं सांगतो, कारण ते सगळ्यांना आवडतं. लिबर्टी पेंट्स नावाची कंपनी, तिचा सगळ्यात नावाजलेला रंग ऑप्टिक व्हाइट. सरकारी स्मारकांना लावतात इतका शुभ्र. नायकाचं काम काय, तर प्रत्येक डब्यात काळ्या द्रावणाचे दहा थेंब टाकायचे आणि ढवळायचं, थेंब दिसेनासे होईपर्यंत. त्या थेंबांशिवाय रंग पांढरा होतच नाही. आणि खाली तळघरात एक म्हातारा काळा कामगार रंगाचा मूळ पाया शिजवतो, ज्याच्याशिवाय कारखाना बंद पडेल. वर त्याचं नाव कुणी घेत नाही. यावर भाष्य करायची गरज नाही. प्रतीक म्हणून मला हे जरा ठळकच वाटतं, एलिसन इथे शाळामास्तरासारखा फळ्यावर अधोरेखित करतो.

त्यापेक्षा रताळ्याचा प्रसंग वाचा. थंडीत, बर्फात, हार्लेमच्या रस्त्यावर एक म्हातारा गाडीवर भाजलेली रताळी विकतोय. ती बहुतेक दक्षिणेतल्या गरीब काळ्या लोकांच्या घरातली गोष्ट. शिकलेला माणूस रस्त्यात उभा राहून असलं काही खात नाही. नायकही आत्तापर्यंत हॉटेलात मुद्दाम वेगळं मागवायचा, कुणी ओळखू नये म्हणून. आज तो घेतो, लोणी लावून रस्त्यातच खातो, आणि त्याला प्रचंड मोकळं वाटतं. आपल्याला जे आवडतं त्याची लाज धरून आपण काय काय गमावलं, याचा हिशेब तो करायला लागतो.

माझं रताळं म्हणजे अम्मीचा फोन. आमच्या घरी दखनी बोलतात. सांगली-मिरजेकडची, निम्मी मराठी मिसळलेली. “क्या रे, जेवला क्या?” असं. ऑफिसात फोन आला की मी उठून जिन्यात जायचो. मराठी मित्रांसमोर ती मराठी वाटत नाही, आणि लखनौच्या उर्दूवाल्यांसमोर ती उर्दू वाटत नाही. दोन्हीकडे हसतात. सहा-सात वर्षं मी जिन्यात बोललो. कुणी मला जा म्हटलं नव्हतं. तो प्रसंग वाचल्यावर मी जागेवर बसून बोलायला लागलो. कुणी मान वर करूनही बघितलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पण एलिसन तिथे थांबत नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. नायक आणखी रताळी घेतो, खात खात चालतो, आणि शेवटच्या घासाला तोंड कडू होतं. रताळं हिमाने बाधलेलं होतं. ओळख मिळाली, अभिमान आला, छान झालं. आता पुढे काय, हा प्रश्न रताळं सोडवत नाही.

त्यानंतर लगेच त्याला रस्त्यात एका म्हाताऱ्या जोडप्याचं सामान बाहेर फेकलेलं दिसतं. भाडं थकलंय, घर खाली करताहेत. बर्फात पडलेल्या खणातून एक कागद निघतो, त्या म्हाताऱ्याच्या गुलामीतून सुटकेचा, १८५९ चा. म्हणजे गुलामी ही पुस्तकातली गोष्ट नाही, समोर उभा असलेला म्हातारा गुलाम होता. नायक तिथे उत्स्फूर्त भाषण करतो, लोक पेटतात. ते ऐकून ब्रदरहुड नावाच्या संघटनेचा जॅक त्याला उचलतो. ही डाव्या वळणाची, शास्त्रशुद्ध विचारांची, काळे-गोरे एकत्र असलेली संघटना. पगार देतात, घर देतात, आणि एका चिठ्ठीवर नवं नाव लिहून देतात. यापुढे हे तुझं नाव.

आता आपल्यापर्यंत येतो, कारण आपणही संघटना आहोत. पुस्तकाचा हा अर्धा भाग सगळ्यात कमी चर्चिला जातो आणि मला तो सगळ्यात जास्त लागला. ब्रदरहुडची माणसं वाईट नाहीत. समतेवर त्यांचा विश्वास आहे. पण त्यांना हार्लेममधली माणसं नको असतात, जनता हवी असते. जॅक पहिल्याच भेटीत सांगतो, त्या म्हाताऱ्यांवर भावना वाया घालवू नकोस, ते इतिहासातून बाद झालेले आहेत. पुढे संघटनेचा सगळ्यात उमदा कार्यकर्ता टॉड क्लिफ्टन एक दिवस गायब होतो. सापडतो तेव्हा फुटपाथवर कागदी बाहुल्या विकत असतो, काळ्या माणसाची टिंगल करणाऱ्या नाचऱ्या बाहुल्या. पोलीस त्याला हाकलतो, झटापट होते, पोलीस गोळी घालतो. नायक त्याची अंत्ययात्रा काढतो, हजारो लोक येतात. समितीचा सवाल असतो, कुणाला विचारून काढली? त्या बैठकीत वाद पेटतो आणि जॅकचा एक डोळा टेबलावर पडतो. काचेचा होता. तो उचलून पाण्याच्या ग्लासात ठेवतो आणि सांगतो, हा मी चळवळीसाठी दिलेला डोळा आहे, याला शिस्त म्हणतात. पट्टी बांधलेली पोरं, कॉलेजात सुंदर प्रवचन देणारा आंधळा पाद्री, आणि आता हा. अर्ध्या डोळ्याने बघणारा माणूस दुसऱ्यांना दिशा दाखवतोय.

लॉकडाऊनमध्ये आम्ही काही मित्रांनी रेशनचं काम केलं. माझ्याकडे सॉफ्टवेअर होतं. मी एक फॉर्म बनवला. दोनच प्रकार होते, देणगीदार आणि लाभार्थी. चांगला चालला, पाचशेवर घरं झाली. मला त्याचा फार अभिमान होता. वस्तीतल्या एक खाला दोनदा आल्या. त्या शिवणकाम करायच्या, काम बंद पडलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, मला किट नको, मास्क शिवायला कापड द्या, तुम्हाला हवेच आहेत. मी म्हटलं, खाला, तुमचं नाव लाभार्थीमध्ये आहे, किट घेऊन जा, मास्कचं बघू. मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या फॉर्ममध्ये तिसरा प्रकारच नव्हता. किट देताना फोटो काढायचा नियम होता, देणगीदारांना पाठवायला. त्या म्हणाल्या, “बेटा, फोटो नको.” मी म्हटलं, एकच. त्यांनी पदर पुढे ओढला, चेहरा दिसला नाही. मी तो फोटो रिपोर्टमध्ये टाकला.

त्या परत आल्या नाहीत. पुढे आम्ही बाहेरून मास्क विकत आणले, तेव्हाही मला त्या आठवल्या नाहीत. जॅकचा डोळा ग्लासात पडला त्या पानावर आठवल्या. त्यांच्या गल्लीत गेलो, तर त्या खोली सोडून गेल्या होत्या. शेजारणीला पत्ता ठाऊक नव्हता. फॉर्ममध्ये त्यांचं नावही मी फक्त आधारवरून उतरवलेलं होतं. त्यांना सगळे कोणत्या नावाने हाक मारायचे, ते मला माहीत नव्हतं.

मघाशी म्हटलं, मान इतक्यात हलवू नका, ते यासाठी. ‘आपणही अदृश्य आहोत’ हे म्हणणं फार सोपं आहे आणि टाळ्याही मिळतात. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर फोनवर येणारी ती दोन सेकंदांची शांतता इथे प्रत्येकाला माहीत आहे. ते खोटं नाही. पण अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास हा त्यांचा आहे. शतकांची गुलामी, बाजारात झालेली माणसांची विक्री, नंतर झाडांना टांगलेली प्रेतं. तो उसना घेऊन आपल्या अंगावर चढवायचा नाही. आणि आपल्याकडे त्याच्याशी ज्यांचं खरं नातं जुळलं त्यांनी ते अभ्यासाने जोडलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब कोलंबियाला शिकले, हार्लेमच्या शेजारीच, आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावही तिकडून घेतलं. आपण या रांगेत शिरताना आपल्या घरातल्या पांढऱ्या पट्ट्या आधी मोजायला हव्यात. आपल्यात कुणाच्या बिरादरीत मुलगी देत नाहीत? मोहल्ला कमिटीच्या बैठकीत बायका कुठे बसतात? ते आपल्याला दिसत नाही, कारण तिथे बघणारे आपण आहोत.

पुढचं भराभर सांगतो. रास नावाचा एक नेता आहे, गोऱ्यांशी कसलाही संबंध नको म्हणणारा. त्याच्या रागात खरेपणा आहे आणि शेवटी तो घोड्यावर बसून ढाल-भाला घेऊन दंगलीत उतरतो, तेव्हा तो हास्यास्पदही दिसतो आणि भयंकरही. राइनहार्ट नावाचा माणूस आपल्याला भेटतच नाही. नायक काळा चष्मा आणि टोपी घालतो तर लोक त्याला राइनहार्ट समजतात. कुणासाठी तो जुगारी, कुणासाठी प्रियकर, कुणासाठी पाद्री. सोशल मीडियावर चार खाती चालवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

दंगलीत पळताना नायक उघड्या झाकणातून कोळशाच्या तळघरात पडतो. मिट्ट अंधार. बॅग अजून हातात आहे. पहिल्या प्रकरणापासून तिच्यात काय काय साठलंय बघा. शाळेचं सर्टिफिकेट. दात काढून हसणाऱ्या काळ्या माणसाच्या आकाराचा लोखंडी गल्ला, तुटलेला, जो तो दोनदा फेकायला गेला आणि दोन्ही वेळा लोकांनी परत हातात दिला. टार्प नावाच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याने दिलेली बेडीची कडी. तो म्हातारा एकोणीस वर्षं साखळदंडात होता, आणि ती कडी स्वतः तोडून निघाला होता. क्लिफ्टनची बाहुली. एक निनावी धमकीचं पत्र. आणि नव्या नावाची ती चिठ्ठी.

उजेडासाठी तो कागद जाळायला लागतो. सगळ्यात आधी शाळेचं सर्टिफिकेट. मग बाहुली, ती लवकर जळत नाही. मग निनावी पत्र, मग नावाची चिठ्ठी. आणि त्या ज्योतीत त्याला दिसतं, की पत्र आणि चिठ्ठी एकाच हस्ताक्षरातली आहेत. ज्याने नाव दिलं, त्यानेच धमकी लिहिली. दोन्ही कागद शेजारी शेजारी एकाच बॅगेत होते. मला वाटतं, १,३६९ दिव्यांची सुरुवात या एका कागदाच्या ज्योतीपासून होते. कथेत दिवे आधी येतात, पण आयुष्यात ही ज्योत आधी आली.

पुस्तकात मला खटकतं तेही सांगतो. बायका नीट उभ्या राहिलेल्या नाहीत. त्याला आसरा देणारी मेरी सोडली तर बाकीच्या येतात त्या कशाचं तरी चिन्ह म्हणून. अदृश्यतेवर इतकं लिहिणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी याचं वाईट वाटतं. दुसरं, एलिसनवर त्याच्या काळातच टीका झाली, की याच्यात पुरेसा संताप नाही. १९६३ मध्ये आयर्व्हिंग होव या समीक्षकाशी त्याचा यावरून मोठा वाद झाला. एलिसनचं म्हणणं साधारण असं होतं, की काळा लेखक म्हणजे फक्त जखम नाही, त्याने पुस्तकं वाचली आहेत, संगीत ऐकलंय, तो विनोद करतो. मी या वादात एलिसनच्या बाजूने आहे. मलाही प्रत्येक पॅनलवर जखम म्हणूनच बोलावतात.

शेवटी नायक ठरवतो, की तळघरात राहणं पुरे, वर जायला हवं. त्याचं कारण तो नीट पटवून देत नाही, असा आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. वर गेल्यावर तो काय करतो हेही आपल्याला कळत नाही.

पुढच्या महिन्यात पहिलं प्रकरण एकत्र वाचायचं ठरलंय. ते स्वतंत्र कथेसारखं वाचता येतं, इंग्रजी थोडं जड आहे, दोघे दोघे बसून वाचा. ट्रूब्लड नावाच्या शेतकऱ्याच्या प्रकरणावर मी आज मुद्दाम बोललो नाही. ते घरातल्या अत्याचाराबद्दल आहे, वाचायला कठीण आहे, आणि त्यात ज्या मुलीवर गुदरतं तिला एकही वाक्य बोलायला मिळत नाही. त्यावर इथल्या मुलींनी आधी बोलावं आणि मी ऐकेन, असं मला वाटतं. आणि ज्यांनी फॉर्म भरून नाव नोंदवलंय त्यांनी जाताना जरा थांबा. नावाच्या रकान्याखाली मी आणखी एक रकाना टाकलाय, घरी तुम्हाला काय म्हणतात त्याचा.